धोक्याच्या यंत्राभोवतीची टेहळणी-रेषा कोठे आखावी?

शेतमालावर गावातच प्रक्रिया करण्याची प्रथा आता वाढू लागली आहे. डाळ मिल, तेलघाणा, मुरघासाच्या व कडब्याच्या गाठी बांधण्याचे प्रेस, फळांची प्रतवारी करणारी केंद्रे, पशुखाद्याचे लहान कारखाने अशी कामे शेतकऱ्यांचे गट व शेतकरी उत्पादक कंपन्या हाती घेऊ लागल्या आहेत. यंत्रे आली की त्यांच्यासोबत धोकाही येतो. नवीन यंत्राबरोबर हल्ली 'सेन्सर' येतो आणि 'माणूस जवळ आला की यंत्र आपोआप बंद पडेल' असे विक्रेता सांगतो. हे ऐकून मालक निश्चिंत होतो, आणि जुन्या कडबाकुट्टीलाही तसाच सेन्सर बसवावा असे त्याच्या मनात येते. ही निश्चिंती कित्येकदा घातक ठरते. कारण सेन्सर यंत्राला फक्त थांबण्याची आज्ञा देतो. प्रत्यक्ष थांबावयाचे असते ते यंत्राला, आणि त्यास वेळ लागतो. त्या वेळात माणसाचा हात कोठवर पोचतो, यावरच त्या हाताचे भवितव्य अवलंबून असते.

सबब टेहळणीची रेषा कोठे आखावी, ती नजरेच्या अंदाजाने न आखता हिशेबाने कशी आखावी, आणि कोणत्या यंत्रांवर सेन्सरचा भरवसा मुळीच धरू नये, या तीन गोष्टी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावयास हव्यात.

सेन्सरचे प्रकार

धोक्याच्या यंत्राभोवती पहारा ठेवणारी साधने मुख्यत्वे चार प्रकारची आहेत.

(1) प्रकाशपडदा : दोन उभ्या पट्ट्या समोरासमोर बसवितात. एका पट्टीतून डोळ्यांस न दिसणारे किरण निघतात व दुसरी ते घेते. मध्ये बोट, हात अगर शरीर आले की किरण तुटतात व यंत्रास थांबण्याची आज्ञा जाते. कारखान्यांतील प्रेसवर हे साधन 1950 च्या दशकापासून वापरात आले.

(2) लेझर टेहळणी : एका ठिकाणी बसविलेले साधन पंख्याच्या आकाराच्या टापूत सतत किरण फिरविते. त्या टापूत कोणी पाऊल टाकले की त्याची नोंद होते. टापूचा आकार जागेप्रमाणे ठरविता येतो.

(3) दाबाची चटई : जमिनीवर अंथरलेल्या चटईवर पाय पडताच यंत्र थांबते.

(4) दाराची कळ : यंत्राभोवती जाळीचे कुंपण घालून त्याचे दार उघडताच वीज तुटेल अशी कळ बसवितात. ही सर्वांत साधी, स्वस्त व धुळीत टिकणारी पद्धत होय.

चोर पकडण्यासाठी अगर दिवा लावण्यासाठी बाजारात मिळणारे स्वस्त सेन्सर यांत मोडत नाहीत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. घरातील सेन्सर बिघडला तर दिवा लागत नाही, एवढेच होते. यंत्रावरील सेन्सर बिघडला तर हात जातो. म्हणून सुरक्षेसाठी बनविलेल्या साधनाचा पहिला गुण असा की, त्याची तार तुटली, वीज गेली अगर आतील भाग निकामी झाला, तर यंत्र चालू न राहता थांबलेच पाहिजे. विहिरीवरील मोटेचा दोर तुटला तर मोट खाली जाते, वर येत नाही. तसेच बिघाड झाल्यावर या साधनाने यंत्रास नेहमी सुरक्षित बाजूकडेच न्यावयास हवे. ज्या साधनात हा गुण नाही ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

वेळ म्हणजेच अंतर

टेहळणी-रेषेचा सारा हिशेब एका वाक्यात सांगता येतो : माणूस रेषा ओलांडून धोक्याच्या ठिकाणी पोचण्यापूर्वी यंत्र पूर्णपणे थांबलेले असले पाहिजे.

यासाठी तीन आकडे लागतात.

पहिला आकडा वेळेचा. सेन्सरने हात पाहिला, त्याने रिलेला कळविले, रिलेने वीज तोडली व त्यानंतर पाते, दाब्या अगर रूळ फिरावयाचा थांबला, या सर्वांस लागणारा एकूण वेळ धरावयाचा. पुष्कळ लोक केवळ सेन्सरचा वेळ धरतात. तो अत्यल्प असतो. खरा वेळ यंत्र खातो.

दुसरा आकडा वेगाचा. आंतरराष्ट्रीय मानकात माणसाचा चालत येण्याचा वेग सेकंदास 1.6 मीटर व हात पुढे करण्याचा वेग सेकंदास 2 मीटर धरलेला आहे. जास्त अंतराच्या बाबतीत हातासाठीही 1.6 धरण्याची मुभा मानकात आहे; परंतु गावपातळीवर हातासाठी नेहमी 2 धरणेच शहाणपणाचे. त्यात चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूची होते.

तिसरा आकडा भर घालावयाचा. प्रकाशपडद्याचे किरण विरळ असतील तर त्यांमधून बोटे थोडी आत गेल्यानंतरच साधनास कळते. 14 मि.मी. जाडीची वस्तू ओळखणाऱ्या पडद्यास काहीच भर लागत नाही. 30 मि.मी. जाडीची वस्तू ओळखणाऱ्या पडद्यास 128 मि.मी. भर घालावी लागते. फक्त शरीर ओळखणाऱ्या, दोन-तीन किरणांच्या साधनास 850 मि.मी. भर लागते, कारण किरण तुटण्यापूर्वीच माणूस हात लांबवून आत घालू शकतो. जमिनीलगत टेहळणी करणाऱ्या साधनाच्या बाबतीत पाय ओळखला जाण्यापूर्वी वाकून हात पुढे जातो, म्हणून तेथे 1.2 मीटर भर धरावी.

मग सूत्र असे : वेग गुणिले वेळ, अधिक भर. जे उत्तर येईल तितके अंतर धोक्याचे ठिकाण व टेहळणी-रेषा यांच्यामध्ये असले पाहिजे. जास्त चालेल, कमी चालणार नाही.

तीन उदाहरणे

उदाहरण पहिले. समजा, कडब्याच्या गाठी बांधणारा प्रेस आहे व त्याचा दाब्या आज्ञा मिळाल्यापासून सर्व धरून 0.3 सेकंदात थांबतो. पुढे 30 मि.मी. ओळखणारा प्रकाशपडदा लावावयाचा आहे. 2 गुणिले 0.3 म्हणजे 0.6 मीटर, त्यात 0.128 मिळविले की सुमारे 0.73 मीटर. म्हणजे पडदा दाब्यापासून जवळजवळ अडीच फूट दूर हवा. पुष्कळ ठिकाणी तो अर्ध्या फुटावर लावलेला दिसतो. असा पडदा केवळ शोभेचा होय.

उदाहरण दुसरे. समजा, फळांच्या पेट्या एकावर एक रचणारे स्वयंचलित यंत्र आहे, ते 0.8 सेकंदात थांबते व त्याच्याभोवती जमिनीलगत लेझर टेहळणी आहे. 1.6 गुणिले 0.8 म्हणजे 1.28 मीटर, त्यात 1.2 मीटर भर घालून 2.48 मीटर. म्हणजे यंत्राच्या पोचेपासून आठ फुटांहून अधिक रुंद टापू मोकळा ठेवावा लागेल. शेड उभारण्यापूर्वीच ही जागा धरली नाही, तर पुढे पेट्या ठेवावयास जागा नाही म्हणून हाच टापू आकसला जातो.

उदाहरण तिसरे सर्वांत महत्त्वाचे आहे. समजा, एखाद्या कडबाकुट्टीचे पात्यांचे जड चाक बटण बंद केल्यावरही आपल्या वेगाने फिरत राहून 20 सेकंदांनी थांबते. 1.6 गुणिले 20 म्हणजे 32 मीटर! एवढ्या मोठ्या आवारात टेहळणी ठेवणे कोणासही शक्य नाही. रेषा जवळ आखली तर माणूस दोन सेकंदांत चाकाशी पोचतो व पाती तोवर पुरत्या जोरात फिरत असतात.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : जे यंत्र क्षणात थांबत नाही, त्यावर सेन्सर हा उपाय नव्हे. तेथे हात पोचणारच नाही असा पक्का आडोसा हवा.

जेथे सेन्सर उपयोगी नाही

शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची बहुतेक यंत्रे याच वर्गात मोडतात. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पिठाची चक्की, गुऱ्हाळाचा चरक व ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. दांडा यांत जड फिरते भाग असतात अगर हात एकदा अडकला की सुटू न देणारे रूळ असतात.

मळणी यंत्रापासून होणाऱ्या अपघातांचे गांभीर्य ओळखून संसदेने 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम संमत केला. मळणी यंत्राच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आय. एस. 9020 हे आहे. त्यानुसार पेंढी घालावयाची पन्हळ किमान 900 मि.मी. लांब असावी व तिचा यंत्राकडील किमान 450 मि.मी. भाग वरून झाकलेला असावा. यामागील तत्त्व टेहळणी-रेषेचेच आहे. फरक इतकाच की येथे वेळेऐवजी हाताची लांबी मोजलेली आहे. पन्हळ लांब व झाकलेली असल्याने पेंढीबरोबर हात ड्रमपर्यंत जात नाही. मळणीचा वेग वाढावा म्हणून वरचे झाकण कापून टाकणारा मालक हेच अंतर कापून टाकीत असतो.

पी.टी.ओ. दांड्याचा हिशेब तर प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहावा. हा दांडा मिनिटास 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदास 9. त्याची जाडी 35 मि.मी. धरली तर एका फेऱ्यात सुमारे 11 सें.मी. कापड गुंडाळले जाते व एका सेकंदात जवळजवळ एक मीटर. धोतराचा सोगा, पदर, उपरण्याचे टोक अगर मफलर दांड्यास लागले तर माणसाने 'अरे' म्हणण्यापूर्वीच एक मीटर कापड आत ओढले जाते. तेथे कोणता सेन्सर वेळेवर पोचणार? दांड्यावर पूर्ण लांबीचे प्लॅस्टिकचे वेष्टण असणे व फाटताच ते बदलणे, हाच एकमेव उपाय आहे.

जाळीचा आडोसा करावयाचा असेल तर तिची छिद्रेही मोजून घ्यावीत. चौकोनी छिद्र 30 मि.मी. पर्यंत असेल तर जाळी फिरत्या भागापासून किमान 120 मि.मी. दूर ठेवावी. छिद्र 40 मि.मी. हून मोठे व 120 मि.मी. पर्यंत असेल तर त्यातून सबंध हात आत जातो. मग ते अंतर 850 मि.मी. हवे. हे आकडे 14 वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत. मुलांचे हात बारीक असल्याने जेथे मुले वावरतात तेथे बारीक छिद्रांचीच जाळी घ्यावी.

आडोसा नटबोल्टने असा बसवावा की पान्याशिवाय तो निघणार नाही. वारंवार उघडावे लागणारे दार असेल, तर चाक पूर्ण थांबेपर्यंत न उघडणारे कुलूप त्यास बसवावे. केवळ दार उघडताच वीज तोडणारी कळ येथे पुरेशी नाही, कारण वीज तुटल्यावरही चाक फिरतच असते.

टेहळणीचा टापू आखताना

ज्या यंत्रांवर सेन्सर योग्य आहे, तेथे पुढील गोष्टी पाळाव्यात.

(1) रेषेच्या आत माणूस उभा राहू शकेल अशी रिकामी जागा ठेवू नये. पडदा ओलांडून एखादा मजूर आत उभा राहिला, किरण पुन्हा जुळले व बाहेरच्या माणसाने यंत्र चालू केले, तर आतला माणूस कोणासच दिसत नाही. जागा ठेवणे अटळ असेल तर त्या जागेसाठी वेगळी टेहळणी हवी.

(2) किरण पुन्हा जुळले म्हणून यंत्र आपोआप चालू होता कामा नये. चालू करण्याचे बटण टापूच्या बाहेर असावे, आतून हात लांबवून ते दाबता येऊ नये, व तेथून सबंध टापू नजरेस पडावा.

(3) वरून, खालून अगर बाजूने वळसा घालून यंत्राशी पोचता येते काय, हे प्रत्यक्ष हात व पाय घालून, यंत्र बंद व वीज तोडलेली असताना तपासावे. मोकळ्या बाजू जाळीने बंद कराव्यात. सर्वांत खालचा किरण जमिनीपासून 300 मि.मी. हून उंच असू नये. नाहीतर किरणाखालून सरपटत आत जाता येते.

(4) पडद्याजवळ चकचकीत पत्रा नसावा. त्यावरून किरण परावर्तित होऊन हातास वळसा घालतात व मध्ये हात असूनही साधनास तो दिसत नाही. सकाळ-संध्याकाळचे ऊन थेट पट्टीवर येणार नाही असे पाहावे.

(5) भुसा, धूळ व वाफ यांनी साधनाची काच झाकली जाते. चांगले साधन अशा वेळी यंत्र थांबविते. मऊ कोरड्या कापडाने काच रोज पुसावी. जेथे भुसा सतत उडतो तेथे किरणांचे साधन न घेता जाळी व दाराची कळ घ्यावी.

(6) थांबण्याचा वेळ दरवर्षी पुन्हा मोजावा. ब्रेक झिजतो, तेल जुने होते, पट्टे सैल पडतात. ज्या प्रेसला नवा असताना 0.3 सेकंद लागत होते त्यास पुढे 0.4 लागू लागले, तर हातासाठी अंतर आणखी 20 सें.मी. वाढले पाहिजे. रेषा मात्र कोणी हलवीत नाही.

सेन्सर निकामी का केला जातो

पुष्कळ कारखान्यांत सेन्सर बसविलेला असतो, पण तारेचा तुकडा जोडून तो निकामी केलेला असतो. यासाठी मजुरास दोष देणे सोपे आहे. परंतु कारण शोधले तर बहुधा वेगळेच निघते. यंत्र दिवसातून वीस वेळा उगाच थांबते, गाठींचा हिशेब भरत नाही, मजुरी कमी पडते, म्हणून कोणीतरी तार जोडतो. मग दोष टापूच्या आखणीत आहे. माल ये-जा करण्याचा मार्ग टापूतून जात असेल तर तो वळवावा. काच झाकली जात असेल तर साधन बदलावे. मजुरीचा दर गाठींवर असेल तर यंत्र थांबण्याचा वेळ मजुराच्या अंगावर टाकू नये.

1948 च्या कारखाना अधिनियमात फिरत्या भागांस कुंपण घालण्याची व चालू यंत्रास स्त्रिया व अल्पवयीन मुले यांनी तेलपाणी न करण्याची तरतूद केली होती. कायदा असूनही अपघात होत राहिले, कारण कुंपण काढल्याने काम वेगाने होते असा समज पक्का होता. हा समज घालविणे हे विस्तारकार्यकर्त्याचे खरे काम आहे.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

हा विषय व्याख्यानाने पटत नाही. मोजून दाखविल्याने पटतो. एक कडबाकुट्टी, मोबाईलमधील घड्याळ, मोजपट्टी व चुन्याची पिशवी एवढ्या सामग्रीवर अर्ध्या तासात प्रात्यक्षिक होते.

प्रथम सर्व मंडळींस, विशेषतः मुलांस, यंत्रापासून दूर बसवावे. यंत्र रिकामे चालवून पूर्ण वेग येऊ द्यावा. मालकाने बटण बंद करताच घड्याळ सुरू करावे व चाक पूर्ण थांबताच बंद करावे. असे तीनदा मोजावे व सर्वांत मोठा आकडा घ्यावा. त्यास 1.6 ने गुणून येणारे अंतर मोजपट्टीने मोजून तेथे चुन्याची रेषा ओढावी. रेषा बहुधा गोठा, अंगण व रस्ता ओलांडून शेजाऱ्याच्या दारात जाईल. त्या रेषेवर उभे राहून पाहिले की सेन्सर लावून भागणार नाही, ही गोष्ट सांगावी लागत नाही. त्यानंतर यंत्राची वीज तोडून, चाक थांबल्यावर, पन्हळ व झाकण यांची लांबी मोजावी आणि कमी असलेले झाकण गावातील लोहाराकडून अगर वेल्डिंगच्या दुकानातून त्याच आठवड्यात बसवून घ्यावे.

प्रेससारख्या क्षणात थांबणाऱ्या यंत्राचा वेळ अशा घड्याळाने मोजता येत नाही. तो यंत्र पुरविणाऱ्याने योग्य उपकरणाने मोजून लेखी द्यावा, अशी अट खरेदीच्या वेळीच घालावी. गटाने अगर कंपनीने तो कागद शेडमध्ये यंत्राजवळच लावावा.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

1. सेन्सर यंत्र थांबवीत नाही, थांबण्याची आज्ञा देतो. थांबण्याचा वेळ मोजल्याशिवाय रेषा आखू नये.

2. वेग गुणिले वेळ, अधिक भर, हे किमान अंतर होय.

3. जड चाकाच्या यंत्रास पक्का आडोसा, लांब झाकलेली पन्हळ व दांड्यास वेष्टण हाच उपाय.

4. पुन्हा चालू करण्याचे बटण टापूच्या बाहेर व सर्व टापू दिसेल असे असावे.

5. दररोज काम सुरू करण्यापूर्वी चाचणीच्या कांडीने पडदा तोडून पाहावा. यंत्र थांबले नाही तर त्या दिवशी काम करू नये.

रात्री वीज आल्यावर घाईने कडबा कापावयास बसणारा शेतकरी दिवसभराच्या श्रमाने थकलेला असतो. उजेड कमी असतो, झोप अनावर होते, आणि पेंढीबरोबर हात किती पुढे गेला याचे भान राहत नाही. त्या क्षणी त्याच्या जवळ कोणी कार्यकर्ता नसतो, कायदा नसतो. त्याच्या व पात्यांच्या मध्ये जे काही अंतर आधी कोणी मोजून ठेवले असेल तेवढेच असते. ते अंतर दिवसाउजेडी, शांत डोक्याने, मोजपट्टी लावून ठेवले गेले पाहिजे. ज्या हातांवर सबंध घराचा संसार चालतो, त्यांच्यासाठी अर्धा तास व एक पत्र्याचे झाकण ही काही मोठी किंमत नव्हे.